मानेगावचा दगड आणि चौथा लघुग्रह

काही वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातील सोनगीर येथे विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यात बोलण्याचा योग आला. विषय होता सूर्यकुलातील लहान सभासद, म्हणजे लघुग्रह, धूमकेतू आणि उल्का. व्याख्यान संपल्यावर एक शिक्षक रुमालात बांधलेला काळा दगड घेऊन आले. एका विद्यार्थ्याला तो शेतात सापडला होता आणि 'आकाशातून पडलेला दगड' अशी चिठ्ठी लावून तो गेली कित्येक वर्षे शाळेच्या कपाटात ठेवलेला होता. सरांना माझ्याकडून त्यावर शिक्कामोर्तब हवे होते.

भिंगातून पाहिल्यावर दगडात लहानमोठे बुडबुडे दिसले. फुटलेल्या कडेला काचेसारखी चकाकी होती. अवकाशातून येणाऱ्या दगडात असे बुडबुडे सहसा आढळत नाहीत. सोनगीर हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे जुने गाव. धातू वितळवताना मुशीत वर जो मळ येतो, तो काढून टाकतात आणि थंड झाल्यावर त्याचा असाच काळा, काचेरी खडा बनतो. सरांचा दगड भट्टीतला होता, आकाशातला नव्हता.

सरांचा चेहरा उतरला. तेव्हा मी त्यांना म्हटले, "सर, खानदेशात आकाशातून खरोखरच एक दगड पडलेला आहे. तो नेमका कुठून आला याचा बराच भरवशाचा अंदाजही आज बांधता येतो. आणि तो समजून घ्यायचा तर तुमचा हा भट्टीतला दगडच उपयोगी पडेल." त्या दिवशी वेळेअभावी जे सांगायचे राहिले, ते येथे सविस्तर मांडतो.

मानेगाव, १८४३

सोनगीरपासून जवळजवळ सरळ पूर्वेला, सुमारे १४० किलोमीटरवर, आजच्या जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरच्या परिसरात मानेगाव आहे. मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. या मानेगावी १८४३ सालच्या पावसाळ्यात आकाशातून एक दगड पडला. खानदेशात कंपनी सरकारचा अंमल येऊन तेव्हा २५ वर्षे झाली होती. अशा नवलाच्या वस्तू मिळवून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे किंवा लंडनला पाठवण्याची त्या काळच्या अंमलदारांत पद्धत होती. मानेगावचा दगडही त्याच वाटेने अभ्यासकांच्या हाती पोचला. मात्र त्याचा बहुतेक भाग हरवला. आज जगभरच्या संग्रहांत मिळून त्याचे सुमारे ४० ग्रॅम एवढेच तुकडे नोंदलेले आहेत. चार-पाच सुपाऱ्यांच्या वजनापेक्षा फार जास्त नाही!

जमिनीवर पोचलेल्या अशा दगडाला अशनी म्हणतात. आकाशात क्षणभर चमकते ती उल्का. बहुतेक उल्का हवेतच जळून जातात. जो अवशेष खाली पोचतो तो अशनी.

आकाशातून दगड पडतात हे शास्त्रज्ञांनी मान्य करूनही तेव्हा जेमतेम ४० वर्षे झाली होती. १७९४ साली जर्मन पदार्थवैज्ञानिक क्लाडनी यांनी हा विचार आग्रहाने मांडला, तेव्हा अनेकांनी त्यांची थट्टा केली. डिसेंबर १७९८ मध्ये बनारसजवळ दगडांचा वर्षाव झाला. त्यांतील दगडांचे आणि युरोपात पडलेल्या दगडांचे रासायनिक पृथक्करण इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी केले आणि १८०२ साली ते प्रसिद्ध केले. हजारो किलोमीटर अंतरावर पडलेल्या या दगडांचे घटक एकमेकांशी जुळत होते आणि त्यांच्यातील लोखंडात निकेल होते. शेतकऱ्यांचे सांगणे खरे ठरले. पण हे दगड येतात कुठून, हा प्रश्न उरलाच. कोणी म्हणे चंद्रावरच्या ज्वालामुखींतून, कोणी म्हणे वातावरणातच तयार होतात.

चौथा आणि तेव्हाचा शेवटचा

याच सुमारास आकाशात दुसरी एक गोष्ट घडत होती. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझ्झी यांना मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान सेरेस सापडला. १८०२ साली ब्रेमेनचे वैद्य आणि हौशी खगोलनिरीक्षक हाइनरिश ओल्बर्स यांना पॅलास दिसला. १८०४ साली जूनो मिळाला. एका ग्रहाच्या जागी तीन चिमुकले गोल! ओल्बर्स यांनी तर्क केला की, येथे पूर्वी एक मोठा ग्रह असावा आणि तो फुटून हे तुकडे झाले असावेत. तसे असेल तर आणखी तुकडे सापडायला हवेत. या विश्वासाने ते शोध घेत राहिले आणि २९ मार्च १८०७ रोजी त्यांना कन्या राशीत चौथा लघुग्रह दिसला. गणिती गाऊस यांनी त्याची कक्षा काढली आणि ओल्बर्स यांच्या विनंतीवरून त्याला नावही दिले. ते नाव वेस्टा, म्हणजे रोमन लोकांची चुलीची देवता. हे नाव किती समर्पक होते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

ओल्बर्स यांची फुटलेल्या ग्रहाची कल्पना पुढे टिकली नाही. लघुग्रह हे एका ग्रहाचे तुकडे नसून गुरूच्या प्रभावामुळे ग्रह बनू न शकलेले साहित्य आहे, असे आज मानले जाते. पण चुकीच्या तर्कानेही कधी कधी योग्य ठिकाणी दुर्बीण रोखली जाते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पाचवा लघुग्रह सापडायला मात्र १८४५ साल उजाडावे लागले. म्हणजे मानेगावला दगड पडला तेव्हा जगाला फक्त चार लघुग्रह माहीत होते. त्यांतल्या चौथ्याशी या दगडाचे नाते असेल, असे स्वप्नातही कोणाला आले नसते.

दगडाची जात

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील खनिज विभागाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी-मास्केलिन यांनी मानेगावच्या तुकड्याचा अभ्यास करून १८७० साली तो रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दगडाचा प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप करून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, ही पद्धत तेव्हा नवी होती. मानेगावचा दगड जवळजवळ संपूर्णपणे एकाच खनिजाच्या स्फटिकांचा बनलेला निघाला. हे खनिज म्हणजे पायरॉक्सिन, मॅग्नेशियम आणि लोह यांचे सिलिकेट. बंगालात बांकुरा जिल्ह्यात १८५० साली पडलेला शाल्का येथील अशनीही असाच निघाला.

पुढे १८८५ साली व्हिएन्नाच्या चेरमाक यांनी या जातीच्या अशनींना 'डायोजेनाइट' असे नाव दिले. अशनी अवकाशातून येतात असे सांगणाऱ्या डायोजेनिस या ग्रीक तत्त्वज्ञाची ही आठवण. या जातीचे दोन जवळचे नातलग आहेत. एक युक्राइट, हा आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणासारखा, म्हणजे बेसाल्टसारखा असतो. दुसरा हॉवर्डाइट, याला वर उल्लेख आलेल्या हॉवर्ड यांचे नाव मिळाले. युक्राइट आणि डायोजेनाइट यांचा चुरा होऊन पुन्हा घट्ट झालेला हा दगड असतो. या तिन्ही जातींतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले, तर ते आपसांत जुळते. पृथ्वी, चंद्र आणि मंगळ यांच्याशी मात्र जुळत नाही. म्हणजे हे तिघे एकाच घरचे असावेत. पडताना पाहिलेल्या दर १०० अशनींत साधारण ५ ते ६ या घराण्यातले असतात.

आता सरांच्या भट्टीतल्या दगडाकडे वळू. मुशीत धातू वितळला की जड द्रव तळाशी राहतो आणि हलका मळ वर येतो. एखादा आख्खा ग्रह वितळला तर हेच मोठ्या प्रमाणावर घडेल. लोखंड-निकेल मध्यभागी जाईल आणि सिलिकेटांचे आवरण त्याच्या बाहेर राहील. या आवरणातून वर आलेला लाव्हा पृष्ठभागावर पटकन थिजला तर बारीक कणांचा बेसाल्ट बनेल. तोच द्रव खोल कवचात अडकून सावकाश थंड झाला तर मोठे स्फटिक वाढतील. युक्राइट हा पृष्ठभागाचा किंवा त्याच्या लगतचा दगड आणि डायोजेनाइट हा खोलातला. तेव्हा मानेगावला पडला तो एका वितळलेल्या जगाच्या पोटातला तुकडा होता.

असे वितळलेले जग कोणते?

प्रकाशाची साक्ष

लघुग्रह स्वतः प्रकाशत नाही, तो सूर्याचा प्रकाश परावर्तित करतो. परावर्तित होताना पृष्ठभागावरील खनिजे काही तरंगलांबींचा प्रकाश शोषून घेतात. पायरॉक्सिन ०.९ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या लाल रंगाच्या थोडे पलीकडे, प्रकाश शोषते. १९७० साली अमेरिकेतील टॉमस मॅकॉर्ड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वेस्टाचा वर्णपट घेतला, तेव्हा त्यात नेमका याच जागी खळगा मिळाला. तो प्रयोगशाळेत युक्राइटच्या चुऱ्यावरून घेतलेल्या वर्णपटाशी चांगलाच जुळत होता. मोठ्या लघुग्रहांत असा वर्णपट वेस्टाशिवाय दुसऱ्या कोणाचा नव्हता.

पण विज्ञानात रूप जुळले एवढ्यावर नाते मानत नाहीत. एक रास्त आक्षेप पुढे आला. वेस्टा सूर्यापासून सरासरी ३५ कोटी किलोमीटरवर, अगदी स्थिर कक्षेत फिरतो. त्यावरचा दगड पृथ्वीपर्यंत येणार कसा? दगड पाठवणारी वाट मधल्या पट्ट्यात होती, पण वेस्टा त्या वाटेवर नव्हता.

ही वाट म्हणजे काय ते झोक्याच्या उदाहरणाने समजेल. झोका पुढे जाताना दर वेळी योग्य क्षणी हलकासा धक्का दिला, तर तो उंच उंच जातो. सूर्यापासून पृथ्वीच्या अडीचपट अंतरावरील दगड गुरूच्या एका प्रदक्षिणेत स्वतःच्या बरोबर तीन प्रदक्षिणा करतो. त्यामुळे गुरूचे धक्के त्याला एका ठरावीक लयीत बसत राहतात. १९८०च्या दशकात जॅक विस्डम यांनी संगणकावर दाखवून दिले की, अशा दगडाची कक्षा हळूहळू लांबट होत जाते आणि तो आतल्या ग्रहांच्या वाटेत येऊ शकतो. वेस्टाचे अंतर २.३६ पट. म्हणजे वेस्टा आणि ही वाट यांच्यात मोठी दरी होती.

१९९३ साली रिचर्ड बिन्झेल आणि शुई शू यांनी ती दरी सांधली. त्यांना वेस्टाजवळ आणि तेथून थेट त्या वाटेच्या काठापर्यंत पसरलेले सुमारे २० लहान लघुग्रह सापडले. त्यांचे वर्णपट वेस्टासारखेच होते. एखाद्या फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या घरापासून रस्त्यापर्यंत विखुरलेल्या दिसाव्यात, तसा हा पुरावा होता.

मग घाव कुठे होता? १९९६ साली हबल दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांत वेस्टाच्या दक्षिण ध्रुवाशी एक प्रचंड विवर दिसले. १६ जुलै २०११ रोजी अमेरिकेचे 'डॉन' यान वेस्टाभोवतीच्या कक्षेत शिरले आणि सप्टेंबर २०१२ पर्यंत तेथे राहिले. त्याने या घावाचे सविस्तर मोजमाप केले.

वेस्टाचे अंगकाठीचे आकडे

वेस्टा पूर्ण गोल नाही. त्याचा सर्वांत लांब अक्ष सुमारे ५७३ किलोमीटर, तर ध्रुवापासून ध्रुवापर्यंतचा अक्ष ४४६ किलोमीटर आहे. वर्गात सांगताना असे सांगावे, की ध्रुवापासून ध्रुवापर्यंत बोगदा खणला तर तो साधारण सोनगीर ते नागपूर या सरळ अंतराएवढा होईल. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पावणेतीन पटींच्या आसपास. दिवस फक्त ५ तास २० मिनिटांचा, वर्ष मात्र आपल्या ३ वर्षे साडेसात महिन्यांचे. घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ३.५ ग्रॅम. गुरुत्व पृथ्वीच्या चाळिसाव्या हिश्शाएवढे, म्हणजे येथे ६० किलो भरणारा माणूस तेथे स्प्रिंगच्या काट्यावर दीड किलो भरेल.

दक्षिणेकडील विवराला 'रिआसिल्व्हिया' असे नाव आहे. त्याचा व्यास सुमारे ५०० किलोमीटर, जवळजवळ वेस्टाच्या सरासरी व्यासाएवढा. त्याच्या मध्यभागी २० किलोमीटरपेक्षाही उंच डोंगर आहे. एव्हरेस्ट पावणेनऊ किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कल्पना येईल. या विवराखाली 'वेनेनिया' नावाचे आणखी एक, सुमारे ४०० किलोमीटर व्यासाचे जुने विवर दबलेले आहे. रिआसिल्व्हिया घडवणारी टक्कर सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीची असावी. त्या धक्क्याने वेस्टाच्या विषुववृत्ताभोवती लांबच लांब चर पडले. मुख्य म्हणजे याच विवरात, जेथे कवच खोलवर खणले गेले आहे तेथे, डायोजेनाइटशी जुळणारे पायरॉक्सिन अधिक प्रमाणात मिळाले. खोलातला दगड खोल खड्ड्यात! मानेगावच्या दगडाची जात सूक्ष्मदर्शकाने सांगितली होती, तिचा पत्ता यानाने सांगितला.

चूल पेटली कशी?

एवढासा गोल वितळला कसा, हा प्रश्न राहतो. लहान वस्तू लवकर थंड होते. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, हे आपण रोज पाहतो. युरेनियमसारखी मूलद्रव्ये उष्णता देतात, पण इतक्या सावकाश की वेस्टाएवढ्या गोलातून ती निसटून जाईल. १९५५ साली हॅरल्ड युरी यांनी सुचवले की, सूर्यकुलाच्या जन्मकाळी ॲल्युमिनियम-२६ हे किरणोत्सारी समस्थानिक भरपूर असेल तर त्याची उष्णता पुरेल. त्याचे अर्धायुष्य अवघे ७ लाख वर्षांच्या आसपास आहे. ते केव्हाच संपून गेले, पण मागे मॅग्नेशियम-२६ ठेवून गेले. ही राख शोधली की चूल पेटली होती हे कळेल.

वितळून घडलेल्या अशनीत ती राख दाखवून दिली भारतीय शास्त्रज्ञांनी. २० जून १९९६ रोजी राजस्थानात पाली जिल्ह्यातील पिपलिया कलाँ येथे सुमारे ४२ किलो वजनाचा युक्राइट पडला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी त्यातील स्फटिकांत जादा मॅग्नेशियम-२६ मोजले आणि १९९९ साली ते 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सूर्यकुलाच्या जन्मानंतर काही लाख ते काही दशलक्ष वर्षांतच हा दगड वितळून थिजला होता. तेव्हा पृथ्वी पुरती घडलेलीही नव्हती. सोनगीरच्या किल्ल्याखालचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आपण त्याला पुरातन म्हणतो. वेस्टाचा लाव्हा त्याच्या जवळजवळ सत्तरपट जुना आहे.

अजून काय सुटलेले नाही

येथे गोष्ट संपवली तर ती फार गुळगुळीत होईल. डॉनच्या पहिल्या मोजमापांवरून २०१२ साली असे अनुमान निघाले की, वेस्टाच्या पोटात सुमारे २२० किलोमीटर व्यासाचा लोखंडी गाभा आहे. २०२५ साली त्याच आकड्यांचे नव्याने गणित केल्यावर गाभा बराच लहान असावा, असे दिसले. मग वेस्टा अर्धवट वितळला होता, की तो एखाद्या मोठ्या गोलाचा तुकडा आहे? शिवाय रिआसिल्व्हियाच्या तळाशी ऑलिव्हिन हे आणखी खोलातले खनिज मुबलक मिळेल असे वाटले होते, तसे ते मिळाले नाही. शिवाय काही थोड्या युक्राइटांतील ऑक्सिजन बाकीच्यांशी जुळत नाही, म्हणजे वितळलेली जगे एकाहून अधिक होती. मानेगावच्या दगडाचे गाव वेस्टा, हे अनुमान भक्कम आहे, पण ते परिस्थितिजन्य पुराव्यावर उभे आहे. वेस्टावरून कोणी दगड उचलून आणलेला नाही. विद्यार्थ्यांना 'सिद्ध झाले' आणि 'सर्व पुरावे तिकडे बोट दाखवतात' यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

शिक्षकांसाठी

विद्यार्थी काळे दगड आणतील. आणू द्यावेत. बुडबुडे आहेत का पाहावे, पातळ काळे वितळलेले कवच आहे का पाहावे, चुंबक लावून पाहावे. बहुतेक अशनींत धातुरूप लोखंड असल्याने ते चुंबकाकडे ओढले जातात. पण चुंबकाची कसोटी अखेरची मानू नये. डायोजेनाइटमध्ये सुटे लोखंड नाममात्र असते, तेव्हा खानदेशचा स्वतःचा अशनी या कसोटीला बहुधा नापासच झाला असता! दगड पडताना कोणी पाहिला असेल तर वेळ, दिशा, आवाज आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे म्हणणे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवावे. दगड फोडून वाटून घेऊ नये. मानेगावचे ४० ग्रॅम आणि पिपलिया कलाँचे ४२ किलो यांत हजारपटीचा फरक आहे. दगड किती मोठा पडला यावर तर तो अवलंबून असतोच, पण किती जपला गेला यावरही असतो.

वेस्टा दर साडेसोळा महिन्यांच्या सुमारास पृथ्वीच्या जवळ येतो. सर्व लघुग्रहांत तो सर्वांत तेजस्वी. उत्तम योग असला तर गावाबाहेरच्या काळोखात नुसत्या डोळ्यांनीही जेमतेम दिसतो, आणि साध्या द्विनेत्रीतून तर सहज. पंचांगातून किंवा खगोल मंडळाकडून जागा समजून घ्यावी, सलग चार-पाच रात्री ताऱ्यांचा नकाशा वहीत काढावा आणि कोणता ठिपका सरकतो ते मुलांनाच शोधू द्यावे. ओल्बर्स यांनीही याहून वेगळे काही केले नव्हते.

राहता राहिला सरांचा दगड. तो टाकून देऊ नका, एवढेच मी त्यांना सांगितले. फक्त चिठ्ठी बदला. 'सोनगीरच्या भट्टीतील मळ. धातू खाली, मळ वर. वेस्टावर असेच घडले असावे.'